दगडफुलापासून लिटमस: बरणी कुठवर आली

जांभळा आला. पट्टी व्हिनेगरात बुडवली की लालसर होते, चुन्याच्या निवळीत टाकली की पुन्हा जांभळी. म्हणजे दर्शक (आम्ल की आम्लारी, म्हणजे अल्कली, हे रंगाने दाखवणारा पदार्थ) तयार झालाय, पण त्याला लिटमस म्हणायला मी अजून धजत नाही. लिटमस निळा व्हायला हवा, आणि त्या निळ्यासाठी दुसरी बरणी सध्या गॅलरीत उभी आहे. ती पिकेपर्यंत पहिलीची हकीकत लिहून ठेवतो. काही जणांनी विचारलंही होतं की हळद, जास्वंद, गोकर्ण असताना हे काय नवीन खूळ.

खूळच आहे. गोकर्णीच्या फुलांचं पाणी फुकटात मिळतं, लिंबाने जांभळं-गुलाबी होतं, खायच्या सोड्याने निळसर-हिरवं, आणि रंगांच्या छटाही लिटमसपेक्षा कितीतरी जास्त देतं. उपयोगच बघायचा तर लिटमसची गरज नाही. पण शाळेत जी पट्टी हातात यायची ती ‘लायकेनपासून मिळते’ एवढ्या एका वाक्यावर बोळवण व्हायची आणि ते लायकेन कधी कोणी दाखवलं नाही. वास्तविक ते घरात होतं. गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल म्हणजे लायकेनच: बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदतात तो जीव.

युरोपात लिटमससाठी रोसेला नावाची लायकेनं वापरायचे. समुद्रकाठच्या खडकांवर वाढणारी, कॅनरी आणि केप व्हर्दे बेटांवरून जहाजाने येणारी. लिटमसच्या वड्या पाडण्याचा धंदा मुख्यतः हॉलंडमध्ये चाले. रोसेलाची एक जात आपल्या किनाऱ्यावरच्या झाडांवरही आहे, पण ती ओरबाडायला जाण्याचा माझा विचार नव्हता आणि नाही. लायकेन वर्षाला काही मिलिमीटर वाढतं. पंजाएवढा तुकडा खरवडला की कित्येक वर्षांची वाढ गेली. मसाल्याचं दगडफूलही शेवटी जंगलातूनच येतं, तेव्हा माझं सगळं काम एका लहान पुडीत बसेल एवढंच ठेवलंय. बादलीभर रंग करून साड्या रंगवायचा बेत कोणाच्या डोक्यात असेल तर मी त्यात नाही.

फेब्रुवारी: निवडणं

खरी गोम इथे आहे. ‘दगडफूल’ म्हणून मिळणारी पुडी एका जातीची नसते. त्यात परमोट्रेमा वंशातल्या दोन-तीन जाती, शिवाय इतर काही, असं मिश्रण असतं. दिसायला सगळे तुकडे सारखेच, वरून राखी, खालून काळे. पण पोटातली आम्लं निराळी. रंग देणारं आम्ल म्हणजे लेकॅनोरिक आम्ल. परमोट्रेमा टिंक्टोरम या जातीत ते भरपूर असतं. परमोट्रेमा पर्लाटममध्ये ते नसतं, तिथे स्टिक्टिक आम्ल असतं आणि त्यापासून जांभळा निघत नाही. सगळी पुडी तशीच दळून अमोनियात घातली तर काय निघेल हे निव्वळ नशिबावर.

यावरचा उपाय लायकेनवाल्यांकडे दीडशे वर्षांपासून आहे. विल्यम नायलँडर या फिनिश अभ्यासकाने १८६६ साली ठिपका-चाचण्या मांडल्या, त्यातली एक विरंजक द्रवाची, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटची. फरशी पुसायला आणतो ते साधं ब्लीच चालतं, फक्त रंगीत किंवा सुगंधी नको. तुकड्याची वरची राखी साल ब्लेडच्या टोकाने जराशी खरवडायची, आतला पांढरा गर दिसला की त्यावर टूथपिकने एक थेंब टेकवायचा. लेकॅनोरिक आम्ल असेल तर गर तिथल्या तिथे लाल होतो, आणि काही क्षणांत तो लाल उडूनही जातो. त्यामुळे थेंब टाकताना नजर हलवायची नाही. भिंग असेल तर उत्तम.

मी प्रत्येक मोठा तुकडा असा तपासला. लाल होणारे एका वाटीत, न होणारे दुसऱ्या. माझ्या पुडीत लाल होणारे कमी निघाले. न होणारे आईकडे परत गेले, मसाल्यासाठी (ब्लीच लागलेला भाग कापून टाकून, अर्थात). तिचं म्हणणं, एवढं निवडून तर मी तांदूळसुद्धा कधी दिले नव्हते.

एक गोष्ट ठळक सांगतो: हे ब्लीचचं काम अमोनियाच्या बरणीपासून पूर्ण वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या दिवशी. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरअमाइन हे विषारी वायू तयार होतात. तपासलेले तुकडे धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, मगच पुढे. यात सूट नाही.

मार्च: अमोनिया

तयार अमोनिया रसायनांच्या दुकानात मिळतो, पण तो साधारण पंचवीस टक्क्यांचा, घरात ठेवायला मला नको वाटला. शिवाय घरीच करण्यात आम्ल-आम्लारीचा अख्खा धडा आहे. नवसागर घेतला, कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकतो आणि पांढरा धूर निघतो, तोच. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यात विरवलेला चुना मिसळला की नाकाला झिणझिण्या येतात.

इथे काय होतं ते ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी १९२३ साली, दोघांनी स्वतंत्रपणे, मांडलेल्या पद्धतीने बघितलं तर फार सोपं आहे. अमोनियम आयन हे दुबळं आम्ल: त्याच्याजवळ द्यायला एक प्रोटॉन आहे. चुन्यातला हायड्रॉक्साइड आयन हे सबळ आम्लारी: तो प्रोटॉन ओढून घेतो. अमोनियमकडून प्रोटॉन गेला की उरतो अमोनिया, आणि हायड्रॉक्साइडचं होतं पाणी. सबळ आम्लारीने दुबळ्या आम्लारीला तिच्या क्षारातून हुसकावून लावलं, एवढंच. आम्लारी म्हणजे पाण्यात हायड्रॉक्साइड देणारा पदार्थ ही शाळेतली व्याख्या इथे अवघडते, कारण अमोनियाच्या रेणूत हायड्रॉक्साइड नाहीच. तो पाण्याकडून प्रोटॉन घेतो आणि हायड्रॉक्साइड मागे उरतो.

हिशेब: १०.७ ग्रॅम नवसागराला ७.४ ग्रॅम कोरडा विरवलेला चुना पुरतो आणि त्यातून जास्तीत जास्त ३.४ ग्रॅम अमोनिया मिळतो. शंभर मिलिलिटर पाण्यात हे केलं तर द्रावण तीन टक्क्यांच्या आसपास, सामू (pH, आम्ल-आम्लारीपणा मोजणारा अंक) साडेअकराच्या थोडा वर. चुना मी थोडा जास्तच घेतला, रंगाच्या दुकानातल्या चुन्यात खडूचा भाग किती हे सांगता येत नाही म्हणून. पानाच्या टपरीवरचा ओला चुना घेऊ नका, त्यात पाणी किती तेच कळत नाही आणि कातही मिसळलेला असू शकतो. मिश्रण झाकून, अधूनमधून हलवून, गाळ बसल्यावर वरची निवळी घेतली. खिडक्या उघड्या, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे.

मार्च ते एप्रिल: बरणी

लाल-चाचणीत उतरलेले तुकडे खलबत्त्यात भरड कुटले, काचेच्या रुंद बरणीत टाकले, त्यावर अमोनियाचं पाणी. बरणी जेमतेम एक तृतीयांश भरली. बाकीची जागा हवेसाठी, आणि ही हवा गंमत म्हणून नाही.

बरणीत तीन टप्पे घडतात. लेकॅनोरिक आम्लाचा रेणू म्हणजे ऑर्सेलिनिक आम्लाचे दोन तुकडे एस्टर बंधाने जोडलेले. आम्लारी तो बंध तोडते. सुटलेल्या ऑर्सेलिनिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ऑर्सिनॉल उरतं. इथवर रंग नाहीच, ऑर्सिनॉल रंगहीन असतं. मग अमोनिया आणि हवेतला ऑक्सिजन दोघांची ऑर्सिनॉलशी गाठ पडली की ऑर्सीन नावाचं जांभळ्या रंगांचं मिश्रण तयार होतं. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांनी हे नाव ऐकलं असेल. कांद्याच्या मुळाच्या टोकातली गुणसूत्रं रंगवायला अॅसिटो-ऑर्सीन वापरतात, तेच.

हवेचं काम खरंच तेवढं महत्त्वाचं आहे का, हे बघायला एक लहान बाटली तोंडोतोंड भरून घट्ट बंद ठेवली. मोठ्या बरणीत पहिल्यांदा मळकट तपकिरी, मग विटकरी, आणि ऊन वाढायला लागल्यावर खोल किरमिजी-जांभळा असा प्रवास झाला. बंद बाटली तपकिरीवरच थांबून राहिली. झाकण काढून रोज ढवळायला लागल्यावर तीही त्याच वाटेने गेली. थंडीत केलं असतं तर बरीच वाट बघावी लागली असती. आपल्याकडच्या उन्हाळ्याचा हा एक फायदा धरायला हरकत नाही. मोठ्या बरणीचं झाकण रोज उघडून ढवळायचं, पुन्हा लावायचं. अमोनियाचा वास उतरला की थोडं ताजं द्रावण घालायचं. वास शेजारी जाऊ नये म्हणून गॅलरीचा कोपरा ठरवला होता, तरी खालच्या मजल्यावरून ‘केस रंगवताय का?’ अशी चौकशी आलीच.

मे: पट्ट्या

द्रावण गाळून अमोनिया उडून जाईपर्यंत पसरट ताटलीत ठेवलं. यात घाई नको: अमोनिया राहिला तर पट्टी कायम आम्लारीच्या बाजूला झुकलेली राहते आणि दूधसुद्धा आम्लारी वाटायला लागतं. नंतर कॉफी-फिल्टरचा कागद बुडवून सावलीत वाळवला. उन्हात रंग फिका पडतो.

लिंबू, कोकमाचं आगळ, व्हिनेगर: स्वच्छ लालसर गुलाबी. दही: तेच, जरा मंद. साबणाचं पाणी आणि चुन्याची निवळी: जांभळा, निवळीत जास्त गडद. दूध: काहीच नाही, पट्टी होती तशी. दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो, तेव्हा हे बरोबरच.

खायच्या सोड्याचं मात्र थांबून बघण्यासारखं आहे. सोडा कमी घाला की जास्त, द्रावणाचा सामू ८.३ च्या जवळपासच राहतो, कारण बायकार्बोनेट आयन प्रोटॉन देऊही शकतो आणि घेऊही शकतो, आणि त्या दोन्ही कलांच्या बरोबर मध्ये तो स्थिरावतो. लिटमसचा रंगबदल साधारण ४.५ ते ८.३ या पट्ट्यात होतो. म्हणजे सोडा लिटमसच्या अगदी वरच्या उंबरठ्यावर बसतो, आणि घरच्या पट्टीचा कस बघायला त्याच्यासारखी स्वस्त वस्तू नाही. माझी पट्टी सोड्यात जांभळी होते, पण निवळीतल्या जांभळ्यापेक्षा स्पष्ट फिकी. डोळ्याला फरक कळतो, फोटोत कळत नाही.

हा पट्टा एवढा रुंद का? दर्शक स्वतः दुबळं आम्ल असतं: प्रोटॉनसकट एक रंग, प्रोटॉन गेल्यावर दुसरा. फिनॉल्फ्थॅलिन या प्रयोगशाळेतल्या दर्शकासारखा एकच रेणू असेल तर बदल साधारण दोन सामू-अंकांत उरकतो. लिटमस हे दहा-पंधरा रंगद्रव्यांचं मिश्रण आहे, म्हणून त्याचं सावकाश चालतं. अनुमापनाला (थेंबाथेंबाने आम्लारी घालून आम्ल किती ते मोजायला) तो चालत नाही तो याचमुळे. व्हिनेगरचं अनुमापन मी फिनॉल्फ्थॅलिननेच करतो आणि पुढेही तसंच करणार.

लिटमसचं दुसरं दुखणं म्हणजे सल्फर डायऑक्साइड त्याचा रंगच उडवतो. १९३४ साली कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसाची आम्लता मोजताना नेमकी हीच अडचण आली, कारण रस टिकवायला तो वायू वापरलेला असे. त्यातून आर्नल्ड बेकमनने इलेक्ट्रॉनिक सामूमापक बनवला. माझ्या खणातला स्वस्त पेनासारखा मीटर त्याच घराण्यातला.

दुसरी बरणी

पहिल्या बरणीत फक्त अमोनिया होता, म्हणून ऑर्सीन मिळालं. लिटमस करणारे अमोनियाच्या जोडीला पोटॅश आणि चुनाही घालत आणि जास्त काळ आंबवत. निळा त्यातून येतो. पोटॅशसाठी केळीच्या खांबाची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून घेतली. केळीत पोटॅशियम भरपूर, त्यामुळे राखेच्या पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट चांगलं उतरतं. हळदीचा कागद त्यात टाकला तर लगेच विटकरी लाल झाला, सामूची काळजी नाही.

ही बरणी आत्ता जांभळ्यावर आली आहे, निळ्याचा पत्ता नाही. निळा दिसला की जुन्या पद्धतीने शुद्ध करायचा बेत आहे: वाळवलेला गोळा आधी गरम अल्कोहोलने धुवायचा, म्हणजे लाल रंगद्रव्यं त्यात निघून जातात (वॉटर बाथवर, ज्योत अजिबात नको), आणि अल्कोहोलमध्ये न विरघळणारं अॅझोलिटमिन मग पाण्याने काढायचं. पट्टीतला खरा कामाचा भाग तो.

तोवर एक मागणं. तुमच्याकडे दगडफूल असेल तर ब्लीचचा एक थेंब टाकून बघा आणि पुडी कुठल्या बाजारातून आली ते कळवा. कोल्हापूर, बेळगाव, पुणे, कुठलीही चालेल. लाल होणारे तुकडे साधारण निम्मे की त्याहून कमी, एवढं सांगितलं तरी पुढची पुडी कुठून आणायची ते मला ठरवता येईल.