दादर ज्वारीच्या मातीतला गहू: व्हॅमची नोंद, मुकुटमुळांपर्यंत

व्हॅम, म्हणजे मुळांत राहून झाडाला स्फुरद (फॉस्फरस) पुरवणारी मायकोरायझा बुरशी, गव्हात कशाने वाढते ते मी गच्चीवरच्या बादल्यांत पाहतोय. त्यातल्या लोकवन गव्हाला मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटली. पहिलं पाणी देऊन प्रत्येक बादलीतली काही रोपं उपटली आणि आतली बुरशी दिसावी म्हणून मुळं रंगवायला घेतली. शेजारचे आबा डोकावून म्हणाले, "काय चाली ऱ्हायनं भो?" गॅसवर शाई उकळत होती, काय सांगणार!

कृती पुन्हा देतो, कारण बरेच जण इथेच सोडून देतात. मुळं कॉस्टिक पोटॅशच्या 10 टक्के द्रावणात पारदर्शक होईपर्यंत गरम करायची. हातमोजे आणि चष्मा लावूनच, कातडी भाजते. गव्हाची मुळं बारीक, जास्त तापवली तर लगदा होतो. मग धुऊन, 5 टक्के काळी शाई घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये 3 मिनिटं उकळायची आणि व्हिनेगरचे थेंब टाकलेल्या पाण्यात जास्तीची शाई सुटू द्यायची. सगळ्या शाया चालत नाहीत. जमलं तर शंभरपट मोठं करून पाहिल्यावर पेशींमध्ये बुरशीची झुडपं आणि लांबट पिशव्या स्वच्छ दिसतात.

ज्या बादलीत दादर ज्वारीच्या जुन्या वावरातली धसकटाजवळची माती मिसळली होती, तिथली मुळं सर्वांत जास्त भरलेली. डीएपी खताच्या बादलीत बुरशीला शोधावं लागलं. समुद्री शेवाळाच्या अर्काची बादली आणि साधी बादली यांत मला तरी फरक दिसला नाही. बाटलीवरचा मजकूर फार जोरदार आहे.

डीएपीचं कारण सरळ आहे. स्फुरद आयता मिळाला की झाड बुरशीला बोलावणं कमी करतं. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत स्फुरद असतो, पण कॅल्शियमशी बांधलेला. भुकेलं मूळ बुरशीला बोलावणारी स्ट्रिगोलॅक्टोन गटातली रसायनं सोडतं. या गटातलं पहिलं रसायन, स्ट्रिगॉल, 1966 मध्ये कपाशीच्या मुळांच्या स्रावातून वेगळं केलं गेलं, तेही ज्वारीवरच्या टारफुला या परजीवी तणाच्या बियांना उगवायला लावणारं म्हणून! त्याच गटातल्या रसायनाने मायकोरायझाच्या तंतूंना फांद्या फुटतात, हे 2005 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं.

बुरशीला बोलावणारा दुसरा नैसर्गिक उमेदवार हरभरा. त्यात फॉर्मोनोनेटिन आणि बायोकॅनिन ए असतात. क्लोव्हरच्या मुळांतली हीच दोन द्रव्यं व्हॅमला चेतवतात, असं 1991 मध्ये आढळलं होतं. पण ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत. म्हणून मोड आलेल्या हरभऱ्याचं पाणी ओतण्यापेक्षा एका बादलीत गव्हाशेजारी हरभराच पेरलाय. तिथली मुळं साध्या बादलीपेक्षा किंचित बरी वाटली, पण एवढ्यावर मी पैज लावणार नाही.

व्हॅम जीवामृतात वाढवता येईल का, असं विचारणाऱ्यांसाठी: ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे ड्रममध्ये कितीही ढवळलं तरी ती तिथे वाढायची नाही. वाढवायचीच तर कुंडीत ज्वारी किंवा मका लावा. मोहरी आणि पालक नको, त्यांच्या मुळांत ती शिरत नाही.

आता ओंब्या निसवल्यावर पुन्हा मुळं काढेन. तेव्हा डोळ्यांचा अंदाज नाही, बशीखाली अर्ध्या इंचाची जाळी आखून, मुळं रेषांना छेदतात तिथे बुरशी आहे का, ते मोजायचं आहे.