14-12, 11-9

रविवार, रात्री साडेअकरा

सकाळी माळा आवरायला काढला आणि तासाभरात तो तसाच पसरलेला राहिला, कारण बाबांची टेनिसची जुनी लाकडी रॅकेट सापडली. डनलॉप मॅक्सप्लाय, अजून प्रेसमध्ये आवळलेली. प्रेस म्हणजे लाकडाची चौकट, चार कोपऱ्यांना चार पंखवाले नट. दमट हवेत रॅकेटचं लाकूड वाकतं, म्हणून खेळून आलं की आधी रॅकेट चौकटीत, मग चहा. आतड्याची तार तर पावसाळ्यात जास्तच लाडावते, बाबा तिला कपाटात कपड्यांमध्ये ठेवायचे. आईच्या साड्या त्या वेळी दुसऱ्या खणात.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: 385 ग्रॅम. शिवणाच्या टेपने जाळी मोजली, आठ इंच रुंद, साडेदहा लांब. म्हणजे साधारण 66 चौरस इंच. भाचीची रॅकेट 100 ची आहे आणि हिच्यापेक्षा कितीतरी हलकी.

मग दुपारभर यूट्यूब. 1970 चा विम्बल्डन महिला अंतिम सामना, मार्गारेट कोर्ट विरुद्ध बिली जीन किंग, जेवढे तुकडे मिळाले तेवढे. टायब्रेक, म्हणजे बरोबरी झाली की सेटचा निकाल लावणारा एकच गेम, तिथे आला पुढच्या वर्षी, त्यामुळे दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट संपतच नाही. पहिला 14-12, दुसरा 11-9. दोनच सेटमध्ये 46 गेम आणि जवळजवळ अडीच तास! मार्गारेट कोर्टचा घोटा दुखावलेला, इंजेक्शन घेऊन उतरलेली. किंगचा गुडघा गेलेला. रंग विटलेलं चित्रण, पांढरे कपडे, पांढराच चेंडू, मागे झिजलेलं गवत.

भाची डोकावली. "मावशी, हे स्लो मोशनमध्ये लावलंयस का?"

नाही गं बाई, असंच आहे. तिला बसवलं आणि म्हटलं, चेंडूकडे बघू नकोस, किंगच्या मनगटाकडे बघ. पकड हातोडा धरतात तशी, फोरहँडला आणि बॅकहँडला तीच, बदलायला वेळ नाही. सर्व्हिस परतवताना पूर्ण झोका घेतच नाही. चेंडू खालून कापते, तो गवतावर पडून जेमतेम नडगीपर्यंत उठतो, आणि तोवर बाई नेटपाशी. तिथे समोर मार्गारेट कोर्टचा हात. तो इतका लांब की किंगने तिचं नावच 'द आर्म' ठेवलं होतं. ही मार्गारेट जन्माने डावखुरी आणि खेळली आयुष्यभर उजव्या हाताने, हे भाचीला खरंच वाटेना.

गवत उंचसखल, चेंडू कुठे उडेल सांगता येत नाही, म्हणून तो पडायच्या आत हवेतच घ्यायचा. आणि 66 चौरस इंचांच्या जाळीत चेंडू नीट बसतो ती जागा पोळपाटावरच्या पुरीएवढी. जरा बाजूला लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या. त्यामुळे प्रत्येक फटका आधी ठरलेला दिसतो. कुठे ढकलायचा, मग आपण कुठे उभं राहायचं, मग ती कुठे मारेल. विचार करताना माणूस दिसतो. आजच्या सामन्यात मला ते दिसत नाही, तोवर चेंडू परत आलेला असतो. (आजच्या मुली थोर आहेत. डोळे माझे म्हातारे आहेत.)

कोर्ट जिंकली. त्या वर्षी चारही मोठ्या स्पर्धा तिनेच जिंकल्या. नंतरची तिची समलिंगी संबंधांविरुद्धची मतं मला अजिबात पटत नाहीत, पण तो हात मान्य करावाच लागतो. विजेतीचं बक्षीस 1500 पौंड, पुरुषांच्या विजेत्याला 3000. तीन महिन्यांच्या आतच, सप्टेंबरमध्ये, असल्याच तफावतीला वैतागून किंगसह नऊ जणींनी एकेका डॉलरच्या करारावर सह्या करून आपली वेगळी स्पर्धा खेळली. विम्बल्डनला बक्षीस सारखं व्हायला 2007 उजाडलं.

बाबांची आवडती खेळाडू मात्र आपली भारताची निरुपमा, माहेरची वसंत, लग्नानंतर मांकड. 1971 साली ती विम्बल्डनला आनंद अमृतराजबरोबर मिश्र दुहेरी खेळली, ते बाबा जेवताना असं सांगायचे की जणू मागच्या खुर्चीवर हे स्वतः बसले होते. त्यांनी विम्बल्डन कधी पाहिलं नाही.

संध्याकाळी न राहवून पार्किंगच्या भिंतीवर दहा चेंडू मारले. सहा फ्रेमला लागले. तीन कुठेतरी. एक मधोमध बसला, आणि तो आवाज! आजच्या रॅकेटसारखा टणत्कार नाही, उखळात मुसळ पडावं तसा, खोल. वॉचमनने मान वर केली. भाचीने मागितली, दोन फटक्यांत "मनगट गेलं" म्हणून परत दिली आणि मग पुन्हा मागितली.

आत्ता प्रेस लावत बसले होते. समोरासमोरचे नट आळीपाळीने पिळायचे, गाडीच्या चाकाचे पिळतात तसे, नाहीतर चौकटच तिरकी बसते. तीन बसले. चौथ्याचा एक पंख तुटलाय, तिथे बाबांनी सुतळी गुंडाळून ठेवलीय. त्याला पक्कड लागेल. पक्कड माळ्यावर आहे.