तुम्ही विचारलंत म्हणून : बाया हंगामभर टिकतात त्या कशावर?

नाशिकजवळ दिंडोरीकडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचा फ्लोअर मी 2008 पासून सांभाळते. इथे बाया घड कैचीनं साफ करतात आणि परदेशी पाठवायला पेट्यांत भरतात. हंगामात शंभरावर बाया असतात. दुसऱ्या पॅकहाऊसचे सुपरवायझर भेटले की विचारतात, "मॅडम, तुमच्याकडच्या बाया भर फेब्रुवारीत सोडून जात नाहीत. त्यांना सांगता तरी काय?" नाशिकमधल्या शरणपूरला चर्चच्या उपासनेनंतर नुकती नोकरीला लागलेली मुलंही हेच विचारतात, फक्त शब्द वेगळे असतात. "मावशी, पगार वाढवणं आपल्या हातात नसतं. मग लोकांना ध्येय देऊन काम करून घेता येतं का? ख्रिस्ती माणसानं ते कसं करायचं?"

घाईत उत्तर दिलं की ते चुकतं, म्हणून इथे लिहिते.

पहिली दोन वर्षं मीही ध्येयच देत होते. रोज सकाळी कैच्या वाटायच्या आधी दहा मिनिटं बोलायचे. नाशिकचं द्राक्ष, देशाचं नाव, युरोपात रॉटरडॅम बंदरात उतरणारा कंटेनर. बायबलमधल्या, पौलानं लिहिलेल्या कलस्सैकरांस पत्रातलं ते वचन मी उघड म्हणत नसे, पण माझा आवाज तिथूनच यायचा : जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. मला वाटायचं, मी बायांच्या कामाला मान देते आहे.

दुसऱ्या हंगामात एका संध्याकाळी दोन कंटेनर भरायचे बाकी होते. मी आणखी दोन तास थांबायला सांगितलं. पेठकडची एक बाई उठली, कैची टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, माल तर परदेशात पोचला. आमचा मागल्या महिन्याचा ओव्हरटाइम कुठवर आलाय?"

तो बाया पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे अडकला होता. मला ठाऊक होतं. पैसे ठेकेदाराचे, म्हणून मी त्यात पडले नव्हते. बाया त्या रात्रीही थांबल्या, कंटेनर गेले, आणि मला मात्र घरी जाऊन जेवण गेलं नाही.

मग ते पत्र मी काढून नीट वाचलं. ते वचन दासांना उद्देशून आहे. तीन-चार ओळी खाली पौल धन्यांकडे वळतो : तुम्ही आपल्या दासांशी न्यायानं आणि समतेनं वागा, कारण तुमचाही धनी स्वर्गात आहे. आपल्या छापील बायबलमध्ये मध्येच चौथा अध्याय सुरू होतो, म्हणून वाचणारा तिथे थांबतो. पण अध्यायांची ही विभागणी तेराव्या शतकातली. पौलाच्या पत्रात ते सगळं सलग होतं. मी अर्धं वचन घेऊन रोज सकाळी बोलत होते, आणि उरलेलं अर्धं तर माझ्यासाठीच होतं.

मुलांना मी हल्ली बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक वाचायला सांगते. त्याच्या पुढाकारानं यरुशलेमचा तट 52 दिवसांत उभा राहिला. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला आणि लोकांचं मन कामात होतं, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. ध्येयाची ताकद दाखवायला सगळे एवढंच सांगतात. पाचव्या अध्यायाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तिथे तेच लोक आरडाओरडा करतात : आमची शेतं, आमचे द्राक्षमळे गहाण पडले, पोरं दास्यात चालली. नहेम्या त्यांना 'तट महत्त्वाचा आहे, आता हे काढू नका' असं म्हणत नाही. तो संतापतो, सभा बोलावतो आणि सावकारी करणाऱ्या सरदारांना शेतं, मळे, व्याज परत करायला लावतो. अधिकारी म्हणून त्याला जो भत्ता मिळायचा, तो त्यानं बारा वर्षं घेतला नाही. माझ्या मते लोक त्याच्या मागे उभे राहिले ते यामुळे.

मी मालकांकडे गेले. सोपं नव्हतं, ठेकेदार त्यांच्या ओळखीतला होता. शेवटी ठरलं, की हजेरी आणि ओव्हरटाइम दर शनिवारी, माझ्यासमोर. पैसे झाले नाहीत तर सोमवारी जादा तासांसाठी मी कोणाला शब्द टाकणार नाही. सकाळचं भाषण मी बंद केलं.

ध्येय मात्र सोडलं नाही. ते मला 2010 साली दिसलं. त्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली. आमच्या आवारात एक शेतकरी दिवसभर पाण्याच्या टाकीशेजारी बसून होता. दुपारच्या सुट्टीत बाया त्याच्याभोवती जमल्या. कोणी चहा दिला, कोणी नुसतंच विचारलं. बाग किती, कर्ज किती, ऑक्टोबरच्या छाटणीपासून किती फवारण्या झाल्या. त्या बायांपैकी कितीतरी जणींच्या घरी स्वतःचं असं एकरभरही रान नव्हतं. तरी त्यांना ते सगळं कळत होतं.

त्यानंतर आम्ही फळ्यावर रोज लिहू लागलो : आज कोणत्या गावाचा, कोणाचा माल. जमेल तेव्हा शेतकरी स्वतः येऊन पाच मिनिटं बोलतो. तो भाषण देत नाही, बागेचं सांगतो. पनेटमध्ये, म्हणजे द्राक्षांच्या छोट्या डब्यात, एक फुटका मणी राहिला, तर काही आठवड्यांच्या समुद्रप्रवासात त्याचा रस पसरतो, बुरशी धरते आणि अख्खी पेटी जाते. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं शिकवत होते. ज्याची पेटी जाणार तो समोर उभा राहिल्यावर ती वेगळी ऐकू येते.

शरणपूरच्या मुलांना मी आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती त्यांच्या अंगणातली आहे. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी इथे मिशनची शाळा होती. जेकब वेनराइट तिथेच शिकला आणि पुढे आफ्रिकेत फिरणारे मिशनरी संशोधक डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या तुकडीत गेला. 1873 मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले. त्यांचं हृदय झाडाखाली पुरलं, तेव्हा प्रार्थना वाचली ती जेकबनं. मग लिव्हिंग्स्टनच्या त्या आफ्रिकन सोबत्यांनी देह घेऊन समुद्रकाठापर्यंत काही महिने पायपीट केली. हुकूम देणारा मेला होता, तिथेच दफन करून घरी गेले असते तरी कोणी अडवलं नसतं. पुढच्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, तेव्हा त्या वाटेवरच्या सोबत्यांपैकी जेकब तेवढा हजर होता. त्या पायपिटीचं नेतृत्व करणारे सुसी आणि चुमा इंग्लंडला पोचले ते विधी उरकल्यावर. माणसं ध्येयासाठी कुठवर चालतात हे मुलांना लगेच कळतं. चालणाऱ्यांची आठवण वेळेवर ठेवायची हेही त्यांना कळावं, म्हणून शेवटचा भाग मी कधी गाळत नाही.

गेल्या फेब्रुवारीत रात्रीचे नऊ वाजले होते. सुरगाण्याकडची एक तरुण मुलगी दिसायला उत्तम असा घड देठाला धरून दिव्याकडे फिरवत होती. आतल्या बाजूला एक मणी तडकलेला होता. तिनं तो कैचीनं काढला, शेजारचे दोन ओले झालेले मणीही काढले. "निफाडच्या दादांचा माल आहे, मेमध्ये पोरीचं लग्न आहे त्यांच्या," ती म्हणाली. घड पनेटमध्ये ठेवता ठेवता तिनं माझ्याकडे न बघताच विचारलं, "ताई, पैसे शनिवारीच ना?"

"शनिवारीच," मी म्हणाले.