काळं तर काळं, पण कुठलं?

एरवी बारशाला किंवा मुंजीला काळी साडी नेसून गेलात तर 'दुसरी मिळाली नाही का गं?' हे ऐकावंच लागतं. जानेवारी उजाडला की हीच मंडळी काळ्याच्या मागे लागतात. तुळशीबागेपासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत दुकानांच्या काचा काळ्याभोर. काळा रंग ऊन धरून ठेवतो, थंडीत ऊब देतो, हे संक्रांतीचं जुनं कारण झालं. नवं कारण म्हणजे फोटो.

यंदा आमच्या भाचीची पहिली संक्रांत. घरच्या ग्रुपवर 'कोण काय घालणार' हे डिसेंबरातच सुरू झालं. 'काळंच घालायचंय, त्यात ठरवायचं काय?' असं जावईबापू म्हणाले. बरोबर आहे, त्यांना काळा एकच दिसतो. कोऱ्या कुर्त्याचा काळा निराळा, सॅटिनचा चकचकणारा निराळा, आणि धुऊन धुऊन तपकिरीकडे झुकलेला तर फारच निराळा. एकेकटे असताना तिन्ही खपून जातात, शेजारी उभे राहिले की विटलेला लगेच उघडा पडतो.

त्यात कॅमेऱ्याची स्वतःची समजूत. समोरचं दृश्य सरासरी करड्या रंगाइतकं उजळ असणार, असं तो धरून चालतो. चौकटभर काळे कपडे आले की त्याला वाटतं उजेड कमी पडला. मग तो सगळंच उजळवतो. काळं राखाडी होतं आणि हलव्याचे दागिने नुसते पांढरे ठिपके. हे मला सोसत नाही. मंद आचेवर, चमचा चमचा पाक सोडत, हाताने हलवत बसावं तेव्हा कुठे त्या दाण्याला काटा येतो. तो काटाच फोटोत दिसणार नसेल तर साखरेचे मणी ओवले काय नि प्लॅस्टिकचे ओवले काय! फोनवर काढत असाल तर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड जरा खाली ओढावा.

म्हणून जरीने भरलेल्या काळ्या पैठणीला मी नाही म्हटलं. पैठणी सुंदरच, पण जर आणि हलवा दोघंही मिरवायला लागले की गळ्यातला हार हरवतो. भाचीला चंद्रकळा, अंग साधं, काठ लाल, वर खणाचा ब्लाउज. जावईबापूंना पांढरा झब्बा आणि वर काळं जाकीट, नाहीतर दोघं खांद्याशी एकमेकांत मिसळून जातील. काळ्या पाषाणाच्या देवळापुढे उभं राहायची टूम निघाली होती, तीही याच कारणाने मोडली. पिवळसर भिंत आणि साडेपाचचं तिरपं ऊन पुरे.

धाकट्या नातवाचं बोरन्हाणही त्याच दिवशी. त्याला काळं झबलं, पण लांब बाह्यांचं आणि मऊ सुती, कारण हलव्याचा काटा बाळाच्या अंगाला टोचतो. शिवाय फोटो बोरं-चुरमुरे डोक्यावरून ओतायच्या आधीच घ्यायचा. नंतर मुकुट तोंडात जातो.

राहता राहिली आजी. काळी साडी नेसायला तयार आहे, शाल मात्र काढणार नाही, आणि शाल आहे भडक केशरी. ग्रुपवर यावरून बरीच कुरकुर झाली. मी तिला मधोमध बसवणार आहे.