रिमोटचा सेल उतरला, पण गाडी अडली नाही

डिसेंबरात निफाडचा पारा घसरला की नाशिकमध्येही सकाळी बोटं आखडतात. त्याच दिवसांत आमच्या गाडीचा रिमोट कुरकुरायला लागला. आधी जिन्यातूनच गाडी उघडायची, मग अगदी दाराशी जाऊन बटण दाबावं लागायचं. उतरत आलेला सेल थंडीत आणखी ढेपाळतो.

शेवटी पंचवटीत, बाबांना दवाखान्यातून घरी न्यायचं होतं तेव्हा, गाडी उघडेचना. बाबा शांतपणे म्हणाले, "अगं, किल्ली असते ना त्याच्या पोटात?" असतेच. बाजूचा छोटा खटका सरकवला की धातूची किल्ली बाहेर येते, त्यानं ड्रायव्हरचं दार उघडलं. पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्रेक दाबून रिमोटच स्टार्टच्या बटणाला टेकवला आणि गाडी सुरू झाली. रिमोटमधल्या इमोबिलायझरच्या, म्हणजे ओळख पटल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, चिपला सेल लागत नाही, ती गाडीकडूनच जवळच्या जवळ शक्ती घेते. काही गाड्यांत रिमोट टेकवायची जागा वेगळी असते. ती पुस्तिकेत आजच बघून ठेवा, अडल्यावर शोधत बसू नका.

घरी आल्यावर किल्ली निघाली त्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर घातला. टोकाला कापड गुंडाळलं होतं, म्हणजे प्लास्टिकवर ओरखडे येत नाहीत. हलकेच पिळल्यावर 'टक' झालं आणि झाकण सुटलं. जुना सेल कुठल्या बाजूनं बसलाय त्याचा आधी फोटो काढला, कारण अधिकची बाजू कुठे वर असते, कुठे खाली.

तो सेल घेऊनच एमजी रोडला गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, नंबर बघा, २०२५ पण असाच दिसतो." आमचा सीआर२०३२ होता, ३ व्होल्टचा. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ व्यासाला तेवढाच, पण २.५ मिलिमीटर जाड, म्हणून ३२ च्या जागी सैल बसतो. नवा सेल कडेनं धरून बसवला, झाकण चारी बाजूंनी दाबलं, आणि जिन्यातून गाडी पुन्हा उघडली. प्रोग्रामिंग वगैरे काही लागलं नाही.

घरात लहान मूल असेल तर मात्र हे काम त्याच्यासमोर नको. असा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. वापरून उतरलेला सेलही घातक ठरू शकतो. शंका जरी आली तरी घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं. माझी भाची रांगती आहे, त्यामुळे जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो त्याच दिवशी ई-कचऱ्यात दिला. कपाटातल्या दुसऱ्या रिमोटचा सेलही तेवढाच जुना होता, तोही बदलून टाकला.