राणीच्या बागेतला मोडका हत्ती

गेल्या खेपेला भायखळ्याला उतरून घामाघूम होत दारापर्यंत गेलो आणि तिथे कळलं, आज बुधवार. राणीची बाग बुधवारी बंद असते हे साऱ्या मुंबईला ठाऊक आहे, मलाच नव्हतं. माझ्या लेकीने, सईने, तिथेच फुटपाथवर फतकल मारली होती. म्हणून या वेळी शनिवार धरला आणि सोबत नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेतलं. नाना लालबागच्या चाळीत वाढलेले. ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ हे नाव त्यांना तोंडपाठ आहे, पण टॅक्सीवाल्याला सांगताना ‘राणीचा बाग’च.

सईला पेंग्विन बघायचे होते, नानांना हत्ती. मला सावली हवी होती.

आत शिरल्यावर सगळी गर्दी वाहते ती पेंग्विनकडेच, आम्हीही वाहत गेलो. बाहेर अंगाला चिकटणारा दमटपणा, आत काचेमागे सोळा-अठरा अंशांचा गारवा. २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन इथे आले, त्यातला एक थोड्याच महिन्यांत दगावला आणि २०१७च्या मार्चमध्ये उरलेले लोकांना बघायला मिळाले. पुढे इथे पिल्लंही झाली. सईची पहिली तक्रार, “बर्फ कुठेय?” हे पेंग्विन मुळात पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांना बर्फाचं काय कौतुक, हे तिला पटवायला मला पाच मिनिटं लागली आणि तरी पटलं नाहीच. मागून एक काकू आपल्या सुनेला विचारत होत्या, “यांना बोंबील चालत असतील का गं?” मला हा प्रश्न सईच्या प्रश्नापेक्षा जास्त मुद्द्याचा वाटला. पाण्यात सूर मारताना मात्र ते खरोखर बघत राहावेत असे दिसतात. जमिनीवर लग्नाच्या मांडवातल्या दमलेल्या व्याह्यांसारखे चालतात.

वाघ झोपला होता. २०२० साली संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून वाघांची जोडी इथे आली आणि मग बछडेही झाले. काचेला नाक लावून वीसेक माणसं उभी होती आणि पलीकडे एक पट्टेदार पाठ तेवढी दिसत होती. पाणघोड्याने तोंड उघडल्यावर पोरांनी जो कल्ला केला तो वाघाच्या नशिबी नव्हता. पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात माणसंच आत शिरतात, पक्षी डोक्यावरून उडतात. तिथे नानांच्या टोपीवर प्रसाद पडला. “शुभ असतं,” असं म्हणून त्यांनी रुमाल काढला, पण चेहरा शुभ नव्हता.

खरी राणीची बाग मला पिंजऱ्यांच्या मधल्या वाटांवर भेटते. ही मुळात झाडांची बाग. १८६२ साली व्हिक्टोरिया गार्डन म्हणून ती उघडली, प्राणी नंतर आले. आफ्रिकेतली गोरखचिंच इथे अशी उभी आहे, जणू चौघा पहिलवानांनी एकाच धोतरात पाय घातलेत. खोडालाच फुलं लगडणारा कैलासपती दक्षिण अमेरिकेतला. ब्रह्मदेशातली उर्वशी तर बहरली की लाल-पिवळ्या फुलांच्या झुंबरासारखी दिसते. आम्ही गेलो तेव्हा तिला बहर नव्हता, नुसती पानं बघून आलो. २००७च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या नव्या आराखड्यात ही झाडं जातील म्हणून मुंबईतल्या काही बायकांनी मोहीम उघडली होती. वर्तमानपत्रात वाचताना मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं होतं. आता त्याच झाडाखाली सावलीत बसून डबा खाताना मान खाली घातली. खाली घातलीच होती म्हणा, बटाट्याची भाजी होती.

डबा संपल्यावर नाना उठले. त्यांच्या लहानपणी इथे हत्तीवर बसून फेरी मारता यायची. पैसे किती पडायचे ते त्यांना आठवत नाही, पण हत्तीच्या पाठीचे केस मांडीला टोचायचे हे पक्कं आठवतं. ती सफर बंद होऊन खूप वर्षं झाली. “बरंच झालं म्हणा, त्याला तरी कुठे हौस होती,” असं म्हणत ते चालत राहिले आणि थांबले ते थेट भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. तिथे एक हत्ती होताच. दगडी.

हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली साहेबांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना क्रेन मोडली आणि हत्ती खाली पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याला आणले गेले आणि १९१४मध्ये कुठे त्यांना जोडून पुन्हा हत्तीचं रूप दिलं. जवळून पाहिलं तर सांधे दिसतात, गोधडीला ठिगळं असावीत तसे. जवळच काळा घोडाही आहे, वर राजा एडवर्डला घेऊन. १९६५ साली फोर्टातल्या त्या चौकातून त्याची इथे रवानगी झाली. चौकाचं नाव मात्र काळा घोडाच राहिलं. आता तिथे २०१७पासून नवा घोडा आहे, पाठीवर कुणी नाही.

नाना हत्तीच्या सोंडेसमोर बराच वेळ उभे होते. पेंग्विनला दोन मिनिटं देणारा माणूस.

सईने विचारलं, “नाना, याच्यावर बसता येतं?”

“नको गं,” नाना म्हणाले, “हा एकदा पडलाय.”