जामीन झालाय, मग पोरगं आत कसं?

बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगाबाहेर कैद्यांच्या मुलाखतीला आलेल्या बायका मला हे विचारतात, लग्नकार्यात भेटलेले पाहुणे विचारतात, परवा एका कॉलेजात बोलायला गेले तर तिथल्या सरांनीही विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. वकील असूनही कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या मी नेहमी अर्धंच उत्तर देते.

जामीन मंजूर होणं वेगळं आणि जामीनदार मिळणं वेगळं. हुकूम होतो: पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. जातमुचलक्याला स्वतःची सही पुरते. जामीनदार मात्र असा हवा, की ज्याच्या नावावर जमीन किंवा घर आहे, जो दिवसाचं काम बुडवून कोर्टात उभा राहील आणि पोरगं तारखेला आलं नाही तर पैसे मी भरीन म्हणून लिहून देईल. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, फौंड्रीत रोजंदारी करणाऱ्याच्या ओळखीत अशी माणसं किती असणार?

आमच्याकडे त्यात आणखी एक गोम. बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याला लागलं की हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची, आणि लगेच शिनोळी. शिनोळी महाराष्ट्रात. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचनेत बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला आणि चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला. सोयरिकी काही त्यामुळे थांबल्या नाहीत. इथल्या कितीतरी पोरांचे मामा पलीकडचे. पण त्या मामाचा सातबारा टेबलावर ठेवला की क्लार्क कागदाकडे बघायच्या आधीच मान हलवतो. "हा महाराष्ट्राचा. लोकल शुअरिटी आणा."

काही वर्षांपूर्वी बावीस वर्षांच्या एका पोराचं हेच झालं. आरोप फौंड्रीतलं तीन-साडेतीन हजारांचं भंगार चोरल्याचा. जूनमध्ये जामीन मंजूर झाला. आईने भावाचा सातबारा साडीच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत चौघडी घालून आणला होता. मामा पहाटेच्या एसटीने तीनदा आला, धुतलेली टोपी घालून. तीनदा परत गेला. चौथ्या तारखेला आला नाही. सुगी चालू होती, भात कापायचं सोडून कसा येणार? आई मला म्हणाली, "मॅडम, दादाचं रान चांगलं दोन एकर हाय ओ. ते खोटं हाय काय?"

खरं तर याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच देऊन ठेवलं आहे. मध्य प्रदेशातला एक गवंडी, दहा हजारांचा जामीन, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून मॅजिस्ट्रेटने तो जामीनदार नाकारलेला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हे चुकीचं ठरवलं. एखादा कन्नडिग किंवा मल्याळी माणूस दिल्लीच्या चांदणी चौकात पकडला गेला तर त्याने तिथे जमीनवाला जामीनदार कुठून आणायचा, असं त्यांनी विचारलं होतं. निकाल मला तोंडपाठ होता. तो घेऊन वरच्या कोर्टात जायला हवं होतं. मी पुढची तारीख घेत राहिले.

सातव्या महिन्यात मीच त्याला सुचवलं, गुन्हा कबूल कर. आत काढलेले दिवस शिक्षेत धरतील, आज संध्याकाळी घरी जाशील. तसंच झालं. 'भोगलेली कैद हीच शिक्षा' असा हुकूम झाला आणि पोरगा सुटला. पुढच्या आठवड्यात आई नव्या भाताचे पोहे घेऊन घरी आली. मी ते घेतले.

शिक्षेतला अन्याय म्हटलं की लोकांना फाशी-जन्मठेपच आठवते. उत्तर प्रदेशात एका माणसाला वीजचोरीच्या नऊ खटल्यांत दोन-दोन वर्षं झाली होती. शिक्षा एकत्र भोगायच्या असं कुणी लिहिलं नाही, म्हणून त्याची अठरा वर्षं झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दोनवर आणली. एका न लिहिलेल्या ओळीची सोळा वर्षं! माझ्या पोराचे सात महिने तर कुठल्याच निकालात आधी लिहिलेले नव्हते. ते आधी भोगून झाले, मग त्यांना शिक्षा हे नाव मिळालं. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ असे कच्चे, म्हणजे खटला अजून न संपलेले, कैदी होते.

हल्ली थोडं बदललंय. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, जामीन होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाने गरिबांना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिनाभरात जामीनपत्र झालं नाही तर कोर्टाने आपणहून अट सैल करता येते का बघायचं, आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह टाळायचा. त्या आदेशाची प्रत मी आता अर्जालाच टाचते. पलीकडचा सातबारा कधी चालतो, कधी अजूनही नाही.

गेल्या वर्षी तोच पोरगा पुन्हा आत आला. पुन्हा भंगारच. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि वस्तूची किंमत परत केली तर शिक्षा म्हणून समाजसेवा आहे. कच्च्या कैद्यानेही पहिल्याच गुन्ह्यात कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की त्याला सोडायचं. चोरीला तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. आधी शिक्षा झालेली असेल तर दीड वर्ष.

तुरुंगातल्या कायदा सल्ला केंद्रात मी त्याच्यासमोर बसले होते. फॉर्म कानडी, म्हणून एकेक रकाना मराठीत विचारून भरत होते. "पूर्वी शिक्षा झाली आहे का?"

"नाही मॅडम."

माझं पेन थांबलेलं बघून तो हसला.

"शिक्षा कुठं झालती ओ? तवा तर तुम्हीच सोडवलासा की."